बर्फाच्या पोटातली साखर

शिरोळ तालुक्यात पावसाळ्यात जो तो आकडे विचारत असतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ते शाळकरी पोरांनाही पाठ करून टाकलेत. पंचगंगेला फूग चढते ती निदान डोळ्यांना दिसते. पण याच तालुक्यातल्या सैनिक टाकळीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जातात, आणि हिमालयातल्या चौक्यांवर त्यांची गाठ पडते ती बर्फाच्या पोटात लपलेल्या धोक्याशी. आता आपली पोरंही हिवाळ्यात केदारकांठ्याच्या ट्रेकला निघतात. म्हणून हिमस्खलन इथंही समजून घ्यायला हवं.

वरून एकसंध दिसणारा बर्फ थरांनी साचलेला असतो. हंगामाच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडला आणि मागोमाग निरभ्र, कडाक्याच्या रात्री आल्या, तर पृष्ठभाग गारठतो. जमिनीलगतचा थर मात्र त्या मानानं ऊबदार राहतो. खालची वाफ वर सरकते आणि तळाशी टोकदार, सुटे कण तयार होतात. मुठीत दाबले तरी गोळा होत नाही, साखरेसारखे ओघळतात. मग पश्चिमी झंझावात येतो, दोन-तीन फूट नवा बर्फ टाकतो, वारा तो ठोकून बसवतो. उसाच्या मुलखात हे सांगायला सोपं आहे: साखरेच्या थरावर फरशी ठेवली आणि खालची फळी तिरकी केली. ती फरशी निसटायला एका माणसाचं वजन पुरतं. स्खलनात सापडणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत ते सुरू होतं त्यांच्याच किंवा सोबत्याच्या पावलानं.

बर्फाची ही लादी सुटते ती मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. पण पायथ्याच्या सपाटीवरून चालणाराही तिच्या वाटेत असतो. आडोशाची बाजू आपल्याला सुरक्षित वाटते. इथं वारा पलीकडचा बर्फ उचलून नेमका त्याच बाजूला रचतो. हिमवृष्टीनंतरचा पहिला निळा, लख्ख दिवस तर फारच फसवा. पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला, बर्फाला तडे गेले, शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, की मागं फिरायचं.

'डीआरडीओ'ची चंडीगडची 'डीजीआरई' ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. युरोपात धोक्याच्या पाच पायऱ्या मानतात, आणि सर्वाधिक बळी तिसऱ्या पायरीवर जातात. पाचवीवर कुणी बाहेरच पडत नाही. पूर ३९ फुटांवर असताना 'अजून वेळ आहे' म्हणून घरात थांबलेल्यांना हे कळेल.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनच्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले. त्यांत माण तालुक्यातल्या मस्करवाडीचाही एक होता. धारवाडचे लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. एवढा वेळ तग धरणं विरळंच. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेला माणूस बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा झपाट्यानं मावळते. पुरात बोट येईपर्यंत माळ्यावर थांबता येतं. बर्फात सुटका करणार ते शेजारी चालणारे सोबतीच, तेही प्रत्येकाच्या अंगावर ठावठिकाणा सांगणारं संदेशयंत्र आणि पाठीवर शोधकाठी व फावडं असेल तर. बर्फातल्या ट्रेकचे पैसे भरण्याआधी संयोजकाला या तीन वस्तूंबद्दल विचारा, आणि त्या वापरायचा सराव कधी घेणार, हेही.