चौथ्या कोपऱ्यातलं भूत

टायपिंगच्या क्लासात पहिलं बोलणं खावं लागायचं ते काड्या अडकवल्याबद्दल. घाईत दोन बटणं बरोबर दाबली गेली की टाइपरायटरच्या दोन काड्या कागदापाशी एकमेकींत गुंतायच्या आणि बोटं काळी करून त्या सोडवाव्या लागायच्या. पण त्या यंत्रानं न दाबलेलं अक्षर कधी उमटवलं नाही. तो पराक्रम पुढे संगणकाच्या कीबोर्डानं केला.

१९६१ साली आलेल्या आयबीएमच्या सिलेक्ट्रिक टाइपरायटरमध्ये काड्याच नव्हत्या, अक्षरं कोरलेला एक गोळा होता. दोन बटणं एकदम लागू नयेत म्हणून आत पोलादी गोळ्यांनी भरलेली नळी ठेवली होती. त्या गोळ्यांत एकाच बटणाच्या पातीपुरती फट होती. एक पाती शिरली की दुसरीला जागाच उरत नसे. इतका सरळ बंदोबस्त मला पुढे कुठे दिसला नाही.

संगणकात अशी नळी बसवता येत नव्हती. १०४ बटणांना १०४ तारा ओढणंही परवडणारं नव्हतं. म्हणून तारांची जाळी आली. ८ आडव्या आणि १६ उभ्या, एकूण २४ तारांत १२८ बटणांची सोय होते. आतली चिप एकेका उभ्या तारेवर संकेत सोडते आणि तो कोणत्या आडव्या तारेवर उतरला ते पाहते. एका वेळी एक बटण, फार तर दोन, इथवर हिशेब चोख राहतो. तीन बटणं दाबली आणि ती जाळीतल्या एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर असली, तर वीज त्या तिन्हींतून वळसा घालून चौथ्या कोपऱ्यावर पोचते. चिपला चौथंही बटण दाबलेलं दिसतं. याला इंग्रजीत घोस्टिंग म्हणतात. भूत हा शब्द योग्यच आहे, कारण त्या जागी कोणीच नसतं.

उपाय पहिल्यापासून ठाऊक होता. प्रत्येक बटणाजवळ एक डायोड बसवायचा. तो वीज एकाच दिशेनं जाऊ देतो, त्यामुळे उलट्या वाटेनं येणारा वळसा बंद होतो. गाण्याच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डात हे डायोड असतातच. तिथे तीन-चार पट्ट्या एकत्र दाबणं हाच धंदा, न दाबलेला सूर कोण ऐकून घेईल? संगणकाकडेही डायोडखेरीज इतर वाटा होत्या. १९६८ साली हनिवेलच्या मायक्रो स्विचनं चुंबकाच्या तत्त्वावर चालणारी बटणं काढली. १९८१ च्या आयबीएम पीसीसोबत आलेला कीबोर्ड विद्युतधारिता मोजायचा, त्यावर कितीही बटणं एकदम दाबली तरी गोंधळ होत नसे.

मग स्वस्ताईचा काळ आला. १९८२ च्या कमोडोर ६४ मध्ये पैसे वाचवायला जॉयस्टिकही कीबोर्डाच्याच तारांवर जोडला होता. पहिल्या खाचेत तो लावून हलवला की पडद्यावर अक्षरं उमटायची. १९८५ पासून आयबीएमनं मॉडेल एम काढला. टकटक आवाजाच्या त्या कीबोर्डाचं आजही कौतुक होतं, पण आत धारितेऐवजी प्लॅस्टिकचा पडदा आला होता आणि खात्री उरली होती फक्त दोन बटणांची. शिफ्ट, कंट्रोल वगैरेंना वेगळ्या तारा दिल्या म्हणून रोजचं काम भागलं.

भुताचा बंदोबस्त या स्वस्त कीबोर्डांनीही केला, पण वेगळ्या रीतीनं. संशयास्पद चौकोन दिसला की चिप तिसरं बटण नोंदवतच नाही. चुकीचं अक्षर देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा त्यामागचा विचार. पत्र लिहिणाऱ्याला तो पटण्यासारखा आहे. १९९६ साली यूएसबी आल्यावर त्यात आणखी एक मर्यादा आली. कीबोर्डाच्या साध्या निरोपात शिफ्टसारखी बटणं सोडून सहाच जागा ठेवल्या गेल्या. सातवं बटण दाबलं की सहाही जागी ‘गोंधळ’ एवढाच निरोप जातो.

तक्रार केली ती खेळणाऱ्यांनी. पळता पळता वळून उडी मारायची तर चार बटणं लागतात. २०१० साली मायक्रोसॉफ्टनं साइडवाइंडर एक्स-४ हा कीबोर्ड आणला. एका वेळी २६ बटणं ओळखतो, असा त्याचा दावा होता. (दहा बोटांच्या माणसाला २६ कशाला, हे जाहिरात करणाऱ्यांनाच माहीत.) त्यानंतर बटणागणिक डायोड असलेले मेकॅनिकल कीबोर्ड सर्रास मिळू लागले, गेमिंगच्या कप्प्यात आणि गेमिंगच्या किमतीत.

ज्यांची गरज खेळाची नव्हती, त्या ब्रेल लिहिणाऱ्या अंधांचं नाव मात्र या कहाणीत क्वचितच येतं. पर्किन्स ब्रेलर हे ब्रेल लिहिण्याचं यंत्र १९५१ चं. भारती ब्रेल ठरली तीही त्याच साली. ब्रेलचं अक्षर सहा बिंदूंतून होतं आणि ब्रेलरवर ते बिंदू एकाच दाबात उमटतात. संगणकावर त्यासाठी एफ, डी, एस आणि जे, के, एल ही बटणं वापरतात. ‘क्ष’ म्हणजे १ ते ५ हे बिंदू, एकदम पाच बटणं. त्यातला पाचवा बिंदू कीबोर्डानं गिळला की ‘क्ष’चा ‘प’ होतो, चौथा गिळला की ‘र’, तिसरा गिळला की ‘ग’. ‘क्षमा’ लिहायला जावं आणि ‘पमा’ उमटावं. पत्र लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं गप्प बसलेली चिप ब्रेलमध्ये खोटं बोलते. शिवाय ब्रेलमधल्या काही आज्ञांना बिंदूंच्या जोडीला स्पेसही लागतो. सहा बिंदू आणि स्पेस मिळून सात, आणि यूएसबीच्या साध्या निरोपात जागा सहाच. घाऊक बाजारात रुपयाच्या आत मिळणाऱ्या डायोडपायी ‘क्ष’चा ‘प’ व्हावा, याला मी काटकसर म्हणणार नाही.

ब्रेल लिहिणाऱ्या कोणासाठी कीबोर्ड घ्यायला गेलात तर खोक्यावरचं वाचत बसू नका. दुकानातच नोटपॅड उघडून घ्या. एफ, डी, एस, जे, के एकत्र दाबा आणि पाचही अक्षरं आली का ते मोजा. मग एलसकट सहा दाबा, मग स्पेससकट सात. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.