प्लेटलेट्स कमी आल्या? आधी खात्री करावी
रक्तात प्लेटलेट्सची संख्या सर्वसाधारणपणे प्रति मायक्रोलिटर १.५ ते ४.५ लाख असते. मोजणी यंत्र पेशी प्रामुख्याने आकारमानावरून ओळखते. रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळे काही व्यक्तींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. रक्त घेताच नळी हळुवार उलटसुलट न केल्यासही गुठळ्या होतात. यंत्र या गुठळ्या प्लेटलेट्स म्हणून मोजत नाही. त्यामुळे संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. अनपेक्षितपणे कमी आकडा आल्यास काचपट्टीवरील रक्ताची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. गुठळ्या आढळल्यास सायट्रेटच्या नळीत नवा नमुना घेतला जातो. केवळ आकडा पाहून प्लेटलेट्स चढवण्याचा आग्रह धरू नये. मात्र तापासोबत रक्तस्राव किंवा तीव्र पोटदुखी असल्यास फेरतपासणीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात जावे.