वैनगंगेचा पूल आणि पाण्याखालचा पाया

आमगावच्या फलाटावर नागपूरकडे तोंड करून गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या पाठीशी सालेकशाच्या वाटेवरील वाघनदीचा पूल असतो आणि पुढ्यात, तिरोडा व मुंडीकोटा मागे पडल्यावर, तुमसर रोडच्या अलीकडे वैनगंगेचा. आमच्या या झाडीपट्टीचा धान, बाजार आणि कोर्टकचेरी ही सारी या दोन पुलांच्या भरवशावर चालतात.

सिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे उगम पावून, सातपुड्याला मोठा वळसा घालून, बिरसोल्याच्या संगमावर वाघनदीला पोटात घेऊन भंडाऱ्याकडे उतरणारी आणि अखेर वर्धेला भेटून प्राणहिता या नावाने गोदावरीला मिळणारी ही नदी वैशाखात गुडघाभर पाण्याची असते, आणि श्रावणात तिचे दुसरे तीर डोळ्यांना नीट दिसत नाही. त्या दिवसांत पूर्वी ढीवरांचा डोंगा हेच एक साधन असे. पूर चढला की डोंगाही काठाला बांधलेला राही. छत्तीसगडच्या कोठारात धान्य असूनही ते बाहेरच्या मुलखाला वेळेवर पोहोचण्याची सोय नव्हती. 1876 ते 78 च्या भीषण दुष्काळाचे चटके ताजे असतानाच, 1878 साली, सरकारने नागपूर-छत्तीसगड लोहमार्गास मंजुरी दिली, आणि 1882 पर्यंत मीटरमापी गाडी राजनांदगावापर्यंत धावू लागली. पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने हा मार्ग ताब्यात घेऊन रुंदमापी केला व 1891 साली आसनसोलपर्यंत नेला. थेट हावड्याची वाट मात्र 1900 साली, कोलाघाटचा रूपनारायण नदीवरील पूल उभा राहिला तेव्हाच मोकळी झाली. शेकडो मैल रूळ टाकून झाले, तरी एका नदीने साऱ्या मार्गाला थोपवून धरावे, यावरून पुलाची थोरवी कळावी.

पूल म्हटला की आपली नजर वरच्या लोखंडी तुळयांवर जाते. पण त्याचे खरे सामर्थ्य खाली असते. जेथे खडक जवळ लागतो तेथे खडकातच पाया घेता येतो; माडगीला वैनगंगेच्या पात्रातील ज्या खडकावर नृसिंहाचे मंदिर उभे आहे, तसा आधार मात्र नदी सर्वत्र देत नाही. जेथे रेतीच रेती, तेथे आपल्या देशातील जुनी युक्ती कामास येते: खाली धारदार लोखंडी कडा बसवून पात्रावर विहिरीचे गोल बांधकाम उभारावयाचे, आतली रेती उपसत जावयाचे, आणि बांधकाम आपल्याच भाराने, कधी वर रुळांचे ओझे ठेवून, हळूहळू खाली उतरवावयाचे. एका बाजूची रेती अधिक उपसली गेली तर विहीर कलते, आणि ती सरळ करताना कारागिरांचे दिवसच्या दिवस जातात.

वरचे लोखंडही निर्जीव नाही. आमच्याकडे पौषातल्या पहाटेपासून ज्येष्ठातल्या दुपारपर्यंत उष्णमानात चाळीस अंशांचा फरक सहज पडतो; तेवढ्याने तीस मीटर लांबीची तुळई सुमारे चौदा मिलिमीटर वाढते. म्हणून मोठ्या तुळईचे एक टोक खांबावर पक्के करून दुसऱ्या टोकाखाली फिरते लोखंडी रूळ ठेवतात. वंगण सुकले, फटीत धूळ आणि पाखरांची काटक्याकुटक्यांची घरटी साचली, की ते रूळ अडतात आणि तुळईचा सारा रेटा दगडी खांबावर येतो. दोन बोटांच्या त्या फटीची सफाई करणारा मजूर माझ्या लेखी पूल बांधणाऱ्या इंजिनियराइतकाच मानाचा आहे.

परंतु पुलाचा मुख्य शत्रू पाणी, आणि तेही वरून धडकणारे नव्हे, तर खांबाच्या बुडाशी भोवरा धरून तळ खरवडणारे. जेराल्ड लेसी या पाटबंधारे खात्यातील इंजिनियराने पुराचा विसर्ग आणि रेतीच्या कणांची जाडी यांवरून ही खरवड किती खोल जाईल, याचे सूत्र 1930 च्या सुमारास मांडले. खांबाच्या नाकाशी ती सूत्राने येणाऱ्या खोलीच्या दुप्पट धरावी आणि पाया त्याहूनही एक तृतीयांशाने खोल न्यावा, असा दंडक आपल्याकडे रूढ आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना दगडी पूल पुरात गेला आणि त्याबरोबर वाहनांतील माणसे गेली, तेव्हा या गणिताच्या मागे काय उभे असते ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेने भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील गावे पाण्याखाली घातली, तीही आमच्या विस्मरणात गेलेली नाहीत.

पावसाळा सरल्यावर रेल्वेचे इंजिनियर दरसाल प्रत्येक पुलाची तपासणी करतात, हे चांगलेच आहे. पण पुलाच्या आसपासची रेती रात्रीच्या अंधारात ट्रॅक्टरने उपसली जात असेल, तर लेसीच्या हिशेबात धरलेला तळच जागेवर राहत नाही. रेतीघाटांचे लिलाव करणाऱ्या महसूल अधिकाऱ्यांना आणि नदीकाठच्या ग्रामपंचायतींना म्हणूनच माझी विनंती आहे की, वैनगंगेवर असो वा वाघनदीवर, पुलाच्या वरच्या व खालच्या अंगाला एक घमेलेही रेती कोणास उचलू देऊ नये.