मुलांच्या हाती काम, पाठीशी माणूस

पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाला ‘पुढं काय?’ असं विचारलं की तो बहुधा परीक्षांची नावं सांगतो. एमपीएससी, बँकिंग, पोलीस भरती, सेट-नेट. आपल्याला काय जमतं, कशात जीव रमतो, हे त्याला सांगता येत नाही, कारण इतक्या वर्षांत ते कुणी विचारलेलंच नसतं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी आणि संस्थांनी या प्रश्नाला काय काय उत्तरं दिली, ते मागे वळून पाहताना मला सगळ्यात जुनं उत्तरच अजून ताजं वाटतं.

ते उत्तर साताऱ्याचं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची, स्वयंपाक, झाडलोट आणि शेतीची कामं वाटून घ्यायची. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही रीत पदवीच्या वर्गापर्यंत पोचली. याच बोर्डिंगमध्ये वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, तिच्यामागेही हीच दृष्टी होती. खेड्यातून आलेल्या मुलाला राहायला-जेवायला मिळावं आणि तो कुणाचा मिंधा होऊ नये.

पुढे विद्यापीठांनी ‘कमवा व शिका’ ही योजना म्हणून स्वीकारली. अनेक गरीब मुलांची मेसची बिलं तिच्यावर भागली, हे तिचं थोर काम. पण तिचा दुसरा गुण कामाच्या निवडीवर अवलंबून असतो. ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर बसलेली मुलगी वर्षभरात अनोळखी माणसांशी न बुजता बोलू लागते. कार्यालयात आवक-जावक सांभाळणाऱ्या मुलाला कागद कुठून कुठं जातो ते कळतं. नुसतं झाडांना पाणी घालून हजेरीवहीवर सही करणाऱ्याला मानधन मिळतं, पण त्यापलीकडे फारसं काही नाही. कोणाला कोणतं काम द्यायचं हे जिथं एखाद्या प्राध्यापकानं मुलं पाहून ठरवलं, तिथं ही योजना फळली.

१९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या निमित्तानं राष्ट्रीय सेवा योजना आली. देशातली ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी यांच्यापासून तिची सुरुवात झाली. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. या शिबिराइतकी चांगली शाळा मी पाहिलेली नाही. शिधा किती लागेल याचा अंदाज, सरपंचांशी बोलणी, आजारी पडलेल्या मित्राची सोय, रात्रीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, सगळं एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांवर येऊन पडतं आणि ती ते निभावतात. उणीव राहते ती परतल्यावर. अहवाल लिहिला जातो, प्रमाणपत्र वाटलं जातं, पण ‘या सात दिवसांत तुला स्वतःबद्दल काय कळलं?’ असं विचारायला शेजारी कुणी बसत नाही.

व्यवसाय मार्गदर्शनाचा प्रवाह वेगळाच वाहिला. मुंबईत पारशी पंचायतीनं १९४७ मध्येच असं केंद्र उघडलं होतं, नंतर सरकारचंही आलं. कॉलेजात मात्र हे मार्गदर्शन सूचनाफलकावर लावलेल्या जाहिरातींच्या कात्रणांपुरतं उरलं.

१९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजं निघाली, मागोमाग आयटी आलं आणि ‘प्लेसमेंट सेल’ हा शब्द घरोघरी पोचला. २००५ च्या नॅसकॉम-मॅकिन्से अहवालानं सांगितलं की आयटी आणि त्यासंबंधीच्या सेवांसाठी अभियंत्यांपैकी जेमतेम पाव भाग उमेदवार थेट घेण्याजोगे आहेत. मग सॉफ्ट स्किल्सच्या कार्यशाळा सुरू झाल्या. त्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्याच्या घरात कुणी मुलाखत दिलेली नाही, त्याला बायोडेटा कसा लिहावा हे शिकवावंच लागतं. पण दोन दिवसांत भीती जात नाही, आणि कंपन्याही बहुतेक मोठ्या शहरांतल्याच कॉलेजांत आल्या. तालुक्याच्या गावातली बीएची मुलगी या साऱ्याच्या बाहेरच राहिली.

तिच्यासाठी स्पर्धा परीक्षा उरली. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत तरुणांची उमेदीची वर्षं जातात. राज्यसेवेची नवी वर्णनात्मक पद्धत लगेच न येता २०२५ पासून लागू व्हावी म्हणून २०२३ मध्ये मुलं रस्त्यावर उतरली, कारण एका परीक्षेवर सगळं बेतलेलं होतं. जिद्द मोठी होती. दुसऱ्या वाटेचा विचार करायला मात्र त्यांना कुणी मदत केली नव्हती.

अशी मदत करण्याचा एक प्रयत्न त्याच्या बराच आधी सुरू झाला होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला. त्यांच्या शोधग्राम या परिसरातल्या शिबिरांत तरुण येतात, गावं पाहतात, आपल्या शिक्षणाचा उपयोग कुणाला, यावर दिवसदिवस बोलतात. नंतर प्रत्यक्ष कामाला लागतात, आणि त्यांच्याशी बोलणारी वडीलधारी माणसं दूर जात नाहीत. काम आणि संवाद इथं जोडीनं चालतात. त्यामुळे एखादा तरुण डॉक्टर आदिवासी भागातल्या दवाखान्यात जायचा निर्णय घेतो, तेव्हा तो उमजून घेतलेला असतो.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आणि क्षेत्र प्रकल्प अभ्यासक्रमातच आले आहेत. संलग्न कॉलेजांच्या पदवी वर्गांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणजे साताऱ्याची रीत क्रेडिटच्या रूपानं परत आली. तालुक्याच्या गावात कंपन्या नसतात, पण दूध संघ, पतसंस्था, बाजार समिती, ग्रामपंचायत, कृषी सेवा केंद्र हे सगळं असतं. तिथल्या हिशेबाच्या वह्या, तक्रारी, माणसांची ये-जा यांतून शिकण्यासारखं खूप आहे. अडचण आहे ती मुलासोबत बसणाऱ्या माणसाची. राज्यातल्या कितीतरी कॉलेजांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक काम करतात. त्यांना व्याख्यानाच्या तासाचे पैसे मिळतात, मुलाचं बोलणं ऐकण्याच्या तासाचे नाहीत. पुढच्या वर्षी आपण याच कॉलेजात असू की नाही, हेही त्यांना ठाऊक नसतं. तो तास वेळापत्रकात यायला हवा, त्याचं मानधन मिळायला हवं, आणि तो तिसऱ्या वर्षाऐवजी पहिल्या वर्षापासून सुरू व्हायला हवा.