थंडींत जुळणारी जोडी

मावळांत लोणावळ्यास गेलों कीं चिक्कीचा पुडा घेतल्यावांचून आम्ही परतत नाहीं. गुळाचा पाक कढत असेल तोंवरच दाण्यांस धरतो, निवला कीं धरीत नाहीं, हें गृहिणींस सांगावयास नको. विज्ञानानें मात्र अगदीं उलट रीत साधली आहे: अतिथंड अणु प्रकाशानें जोडावयाची!

पुण्यास पाषाण येथील 'आयसर' संस्थेंत रुबिडियमचे अणु लेसरच्या प्रकाशानें जवळजवळ उणे २७३ अंशांपर्यंत निववितात. एरव्हीं सेकंदास शेंकडों मीटर धांवणारे अणु अशा थंडींत मंदावतात. तरीही दोघे जवळ आले म्हणून जुळत नाहींत. कारण जुळतांना सुटणारी शक्ति वाहून नेण्यास तिसरा कोणी नसतो. त्या क्षणीं नेमक्या रंगाचा दुसरा लेसर पडल्यास दोघे मिळून एक प्रकाशकण गिळतात व त्यांचा रेणु बनतो. अतिथंड अणूंत हें प्रथम अमेरिकेंत १९९३ सालीं दिसलें.

हा संसार मात्र क्षणाचा! बहुतेक जोड्या प्रकाश परत टाकून फुटतात. म्हणून आणखी एका लेसरनें त्यांस स्थिर अवस्थेंत उतरवावें लागतें. २०१८ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत सोडियम व सीझियम यांचा एकेकच अणु प्रकाशाच्या चिमट्यानें एकत्र आणून रेणु घडविला गेला. जुळणीस आंच हवीच असें नाहीं, एवढें यावरून कळतें.