मान ताठली तर उजाडायची वाट पाहू नका

गेल्या वर्षी भातकापणी चालू असताना रात्री अकराच्या सुमारास एका वाडीवरून मला बोलावणे आले. "फादर, पोरगा बोलेना झालाय. तेल घेऊन या." मी पवित्र तेल घेऊन निघालो. घरात दहाबारा माणसे जमलेली, मोठा दिवा लावलेला, बायकांची रडारड चाललेली. मुलगा सतरा वर्षांचा. दोन दिवस ताप होता, डोके फुटते म्हणून ओरडत होता, सकाळपासून तीनदा ओकला होता. दिवसभर शेतात होता म्हणून ऊन लागले असे घरच्यांनी धरले. उजेड डोळ्यांवर आला की तो तोंड फिरवीत होता. मी त्याच्या डोक्याखाली हात घालून डोके उचलू लागलो, तर डोक्याबरोबर खांदेही वर आले. मान लाकडासारखी ताठ.

सेमिनरीत शिकत असताना सुट्टीत आम्हांला इस्पितळात सेवेला पाठवीत. तेथील एका वयस्क सिस्टरने मला हे लक्षण दाखविले होते, म्हणून ते ओळखता आले. १०८ नंबरला फोन लावायला सांगितले आणि गाडी येईपर्यंत तेल लावून प्रार्थना आटोपली. मुलगा वाचला. उजव्या कानाने मात्र त्याला आता ऐकू येत नाही.

या आजाराला मेनिंजायटिस म्हणतात, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह. आपल्याकडे याला आणि खुद्द मेंदूला सूज येते त्या आजाराला, दोहोंनाही मेंदूज्वर म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. फणसाच्या आठळीवर बाहेरून जाड पांढरे साल आणि आत चिकटलेले पातळ तांबूस साल असते ना, तशीच मेंदूवर आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर आवरणे असतात. ती तीन असून आतल्या दोहोंच्या मधोमध स्वच्छ पाणी खेळत असते. त्या जागेत जंतू शिरले की सूज येते. कवटी काही फुगत नाही, म्हणून आतला दाब वाढतो. डोकेदुखी, वांती आणि ग्लानी त्यानेच येते.

जंतू अनेक जातींचे असतात. विषाणूंमुळे होणारा आजार बहुधा सौम्य असतो. जीवाणूंमुळे होणारा मात्र २४ तासांतही माणूस नेऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे त्यात सुमारे सहांपैकी एक रोगी दगावतो आणि वाचलेल्या पाचांपैकी एकाला कायमचे मोठे व्यंग राहते. या आजाराच्या साथीचे पहिले नीट वर्णन १८०५ साली जिनिव्हात झाले. आपल्या देशात दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ साली त्याच्या साथी आल्या. क्षयाच्या जंतूंमुळे होणारा मेनिंजायटिस हळू येतो. मूल दोनतीन आठवडे किरकिरे होते, जेवत नाही, बारीक ताप राहतो, मग झापड येऊ लागते. १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत असा रोगी वाचतच नसे.

आपल्या शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डुकरांच्या नाकाघशात स्ट्रेप्टोकॉकस सुइस नावाचा जंतू राहतो. माणसाला त्याची लागण झाल्याचे १९६८ साली डेन्मार्कमध्ये प्रथम आढळले. व्हिएतनाममध्ये मोठ्या माणसांच्या मेनिंजायटिसचे ते एक प्रमुख कारण आहे. त्यात बहिरेपण फार येते. नाताळाच्या आधी आपल्याकडे घरोघर डुक्कर कापले जाते. सोरपोतेल नीट शिजते, त्याची भीती नको. भीती आहे ती कापणाऱ्याच्या हाताची. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी सुरी दुसऱ्याच्या हाती द्यावी, नाहीतर रबरी मोजे घालावेत. आजाराने मेलेले जनावर कापूच नये. तसेच निरसे दूध पिणे आणि गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने काढणे, यांतून ब्रुसेल्ला नावाचा जंतू येतो. तोही कधी कधी मेंदूच्या आवरणांपर्यंत पोचतो.

आता खुणा. ताप, जबर डोकेदुखी, वांती, उजेड न सोसणे, हनुवटी छातीला न टेकणे, झापड, बडबड, आकडी. सगळ्या एकदम दिसतीलच असे नाही. म्हाताऱ्यांत ताप नसून नुसता गोंधळही दिसतो. तान्ह्या बाळाची मान ताठतेच असे नाही. त्याची टाळू फुगते, ते अंगावर पीत नाही, चिरक्या आवाजात रडते, उचलून घेतले की अधिकच रडते, नाहीतर चिंधीसारखे ढिले पडते. अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले तर काचेचा पेला त्यांवर दाबून पाहावा. दाबूनही ठिपके मावळत नाहीत, तर एक मिनिटही दवडू नये. ठिपके मावळले म्हणून निर्धास्तही राहू नये. अशा वेळी बाहेरचे लागले म्हणून अंगारा आणणे नको. मलाही जरूर बोलवा, पण आधी गाडी बोलवा. मी इस्पितळातही येतो.

इस्पितळात पाठीतील पाणी काढायचे म्हटले की आपली माणसे सही देत नाहीत. "पाठीत सुई गेली की पाय जातात" असे कोणीतरी सांगितलेले असते. एकदा एका बापाने याच भीतीने मुलीला घरी परत आणलेले मी पाहिले आहे, आणि त्यानंतर काय झाले ते येथे लिहीत नाही. वस्तुस्थिती अशी की मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मध्ये घालतात. काढतात ते चहाचे एकदोन चमचे पाणी. शरीर दिवसाला सुमारे अर्धा लिटर नवे तयार करते. नंतर एकदोन दिवस डोके दुखू शकते. १८९१ साली जर्मनीतील डॉक्टर क्विंके यांनी ही रीत रूढ केली. कोणता जंतू आहे हे त्या पाण्यावरूनच नेमके कळते. पाणी काढायला वेळ लागणार असेल तर डॉक्टर आधीच शिरेतून औषध सुरू करतात. सोबत डेक्सामेथासोन देतात, त्याने बहिरेपण कमी होते.

शुश्रूषेचा मोठा भाग मात्र घरच्यांच्या हाती असतो. रोग्याची खोली शांत आणि मंद उजेडाची हवी. भेटायला आलेल्यांनी बाहेर ओसरीवर बसावे. डोक्याकडची बाजू सुमारे ३० अंश उंच, मान सरळ. मान वाकडी पडली की डोक्यातून परतणारे रक्त अडते आणि दाब वाढतो. शुद्ध नसेल तर तोंडाने थेंबभरही पाणी घालू नये, ते फुप्फुसांत जाते. नाकातील नळीने काय आणि किती द्यायचे ते सिस्टर सांगतील. किती गेले आणि लघवी किती झाली, ते वहीत लिहून ठेवावे. दर दोन तासांनी कूस बदलावी, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. ओल्या फडक्याने तोंड आतून पुसावे. पापण्या मिटत नसतील तर डोळे झाकण्याची सोय विचारावी. शौचाला कुंथावे लागू नये, तेही डॉक्टरांना सांगावे. ताप चढला तर कोमट पाण्याने अंग पुसावे, बर्फाने नव्हे.

आकडी आली तर कुशीवर वळवावे, जवळच्या कठीण वस्तू दूर साराव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. आणि बेशुद्ध माणसाजवळ बसून त्याच्या मरणाच्या गोष्टी बोलू नयेत. त्याला ऐकू येत असू शकते. त्याचे नाव घेऊन, हात धरून, काय करतो आहोत ते सांगत राहावे.

मेनिंगोकॉकस जंतू निघाला तर औषध सुरू झाल्यावर पहिला दिवस रोगी वेगळा ठेवतात. एका घरात राहणाऱ्यांना डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या देतात. त्या रिफॅम्पिसिनच्या असतील तर लघवी नारिंगी होते, घाबरू नये. सगळ्या गावाने गोळ्या घेण्याची गरज नसते.

बाळाला जन्मताच बीसीजी टोचून घ्यावी. क्षयाचा मेनिंजायटिस त्याने बराच टळतो. पेंटाव्हॅलंट लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी मिळते, आणि २०२१ पासून देशभर न्यूमोकॉकसची लसही सरकारी केंद्रात फुकट आहे. ती सहा आणि चौदा आठवड्यांनी, मग नवव्या महिन्यात देतात. कापणी आहे म्हणून नवव्या महिन्याची राहून जाते, असे नर्सबाई सांगतात.

घरी आल्यावर महिन्याच्या आत कानांची तपासणी करून घ्यावी. मूल हाकेला ओ देत नाही म्हणजे हट्टी झाले असे समजू नये. क्षयाच्या गोळ्या बहुधा वर्षभर चालतात, आणि तीन महिन्यांत मूल खेळू लागले तरी त्या बंद करायच्या नसतात. सुरुवातीचा जो मुलगा, त्याचा कान बारा दिवसांनी तपासला गेला. आता तो नांगरटीला जातो, आणि त्याच्याशी बोलायचे झाले की त्याचा भाऊ डाव्या बाजूने चालतो.