इंग्रजीचा ‘मी’ आणि मराठीचा मी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी फीसवलतीसाठी मी इंग्रजीत अर्ज लिहिला. आमच्या घरात इंग्रजीतून अर्ज लिहिणारी मी पहिलीच. वडिलांनी खाली सही केली. त्यांना तो वाचता येत नव्हता. पण मुलीने लिहिले म्हणजे बरोबरच असणार, हा त्यांचा विश्वास. अर्जात एक वाक्य होते : ‘धिस कन्सेशन विल हेल्प माय फादर अँड आय.’ कार्यालयात देण्यापूर्वी तो इंग्रजीच्या सरांना दाखवला. त्यांनी शेवटच्या शब्दाभोवती वर्तुळ काढले आणि म्हणाले, “वडिलांना क्षणभर बाजूला ठेव आणि वाक्य पुन्हा वाच.” मी वाचले, ‘धिस कन्सेशन विल हेल्प आय.’ माझे मलाच हसू आले. तेथे ‘मी’ हवे होते.

ही चूक अज्ञानापेक्षा भीतीची होती. शाळेत ‘मी अँड माय सिस्टर गो टू स्कूल’ असे लिहिल्याबद्दल वर्गासमोर बोलणी खाल्ली होती. तेव्हा नियम शिकले नाही, धसका मात्र घेतला : इंग्रजी ‘मी’ गावंढळ आणि ‘आय’ सुशिक्षित. माझ्यासारखे आणखी काही असतील, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपला पहिला घोटाळा कानाचा आहे. इंग्रजी ‘मी’ आणि मराठी मी यांचा उच्चार एकच. पण नाते उलटे. मराठी मी म्हणजे इंग्रजी ‘आय’, आणि इंग्रजी ‘मी’ म्हणजे मराठी मला.

मराठीत नाम असो वा सर्वनाम, विभक्ती सर्वांनाच लागते. ‘कुत्रा माणसाला चावला’ म्हणा की ‘माणसाला कुत्रा चावला’ म्हणा, ‘ला’ प्रत्ययामुळे चावा कोणाला बसला ते कळते. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना असे प्रत्यय होते. पुढे ते झिजले आणि अर्थाचा भार शब्दांच्या क्रमावर आला. कर्त्याचे आणि कर्माचे वेगळे रूप उरले ते थोड्या सर्वनामांत : आय–मी, ही–हिम, शी–हर, वुई–अस, दे–देम, हू–हूम. प्रत्येक जोडीतील पहिले रूप कर्त्याचे. दुसरे कर्माचे आणि ‘टू’, ‘फॉर’, ‘विथ’, ‘बिट्वीन’ यांसारख्या शब्दांनंतरचे.

एकटे सर्वनाम असले की चूक सहसा होत नाही. ‘गिव्ह इट टू आय’ असे कोणी म्हणत नाही. ‘अँड’ने दुसरे माणूस शेजारी आले की गोंधळ सुरू होतो. तेव्हा सरांची युक्ती वापरावी : शेजाऱ्याला बाजूला ठेवून वाक्य वाचावे. ‘बिट्वीन’ला दोघे लागतातच, म्हणून तेथे ‘अस’ घालून पाहावे. ‘बिट्वीन वुई’ होत नाही, ‘बिट्वीन अस’ होते. म्हणून ‘बिट्वीन यू अँड मी’. मराठीत ‘तू आणि मी यांच्यात’ असे चालते, कारण विभक्ती ‘यांच्यात’ने उचललेली असते. इंग्रजीत ती सोय नाही.

मात्र मराठीची विभक्ती जशीच्या तशी उचलू नये. ‘मला आंबा आवडतो’ यात ‘मला’ असले तरी इंग्रजीत ‘आय लाइक मँगोज’ असेच होते. ‘मला भूक लागली’ याचेही तेच. इंग्रजी क्रियापदाचा कर्ता कोण, एवढेच विचारावे.

‘हू’ की ‘हूम’, या प्रश्नाचे उत्तर देऊन पाहावे. उत्तरात ‘हिम’ आले तर ‘हूम’. दोहोंच्या शेवटी ‘म’ आहे, हे ध्यानात राहते. बोलण्यात बहुतेक ठिकाणी ‘हू’च ऐकू येते, परीक्षेत व अर्जात ‘हूम’ सांभाळावे.

‘दॅन’नंतरचा भेद मला फार आवडला. ‘ती माझ्यापेक्षा तुला जास्त मदत करते’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. इंग्रजीत ते वेगळे करता येतात : ‘शी हेल्प्स यू मोर दॅन आय’ म्हणजे मी करते त्याहून जास्त, ‘दॅन मी’ म्हणजे मला करते त्याहून जास्त. बाकी ‘टॉलर दॅन मी’, ‘इट्स मी’ हे बोलीत सर्रास चालते. जुनी व्याकरणे तेथेही ‘आय’ मागतात.

आणि चुकलेल्यांनी फार खट्टू होऊ नये. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकात अँटोनिओच्या पत्रातही ‘बिट्वीन’नंतर ‘यू अँड आय’ आले आहे! शिवाय आज कर्त्याच्या जागी आपण बेधडक वापरतो तो ‘यू’ मुळात कर्माचा शब्द. कर्त्याचा शब्द ‘यी’ होता. भाषेचे नियमही माणसांबरोबर चालत आलेले असतात. ते शिकावेत जरूर, पण त्यांचा धसका घेऊ नये.

अर्ज मी पुन्हा लिहिला आणि वडिलांनी पुन्हा सही केली. या वेळी मात्र सहीपूर्वी प्रत्येक वाक्याचा अर्थ मी त्यांना मराठीत सांगितला.